पाण्याची कड

राजापूर. वादळ जाऊन चौथा दिवस.
टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं कोतवाल तुकाजी बाणे यांच्या चपलेखाली.

उपग्रह वरून गेला तेव्हा
पहाटेचे सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती.
त्याला ढग आड येत नाहीत, अंधारही नाही.
लहर सोडायची, परत येईल तेवढी मोजायची.
निवांत पडलेलं पाणी काहीच परत देत नाही,
म्हणून चित्रात ते काळं.
पण ओलं डांबरही काळंच दिसतं,
आणि पोफळीखाली छातीभर बुडालेली आळी
लख्ख, कोरडी.

म्हणून टेप, म्हणून खडू,
भिंतीभिंतीशी उकिडवं बसून
गाळाची रेघ हुडकणं:
सलूनच्या आरशावर,
गिरणीच्या स्टार्टरच्या वर चार बोटं,
शाळेत फळ्यावर
सत्तावीस सक बासष्टासे,
त्याखाली पाढा नाही.
लिहा, बाणे म्हणतात, एक मीटर चौऱ्याऐंशी.
बाणे स्वतः पाच फूट तीन.

सुक्या मासळीच्या दुकानामागे
झुलेखा मापारी.
तिनं भिंत कालच फिनेलनं घासून काढलेली.
रेघच नाही.
आडनाव ऐकून बाणे हसले, तुमच्याच धंद्यातल्या.
सासऱ्याचे आजे बंदरावर भात मापायचे, ती म्हणाली,
एकाला एक म्हणत नसत.
मग पायऱ्यांकडे बोट करत
ती गेलेल्या पायऱ्या मोजू लागली:
बरकत, दोन, तीन, चार.

त्यानंतर तांदळाचा रिकामा ड्रम उपडा घातला,
वर चढली,
त्या रात्री बकरी धरली होती तसे हात धरले
आणि म्हणाली, कमरेला. हयसर.
मी तिच्या तळव्यापर्यंत टेप नेली.
एक मीटर शहात्तर.

नदी उतरत होती रे,
खाडीनं घेतली नाही तिला, भरतीची वेळ.
हे लिवलंस?
माझ्या तक्त्यात भरतीला रकाना नव्हता.
खात्रीला होता: उत्तम, मध्यम, कमी.
खूण नसेल तर कमी, असा नियम आहे.
मी उत्तम लिहिलं.
बाण्यांनी पाहिलं, आणि टेप गुंडाळत राहिले.

रात्री लॉजवर, जनरेटरच्या दिव्यात,
काळ्या तुकड्याची कड बोटानं धरून
पोफळीखालून ओढत आणली.
गल्ली. पायरी. उंबरा.
आता नकाशात तिचं घर बुडालंय,
आता पंचनामा होईल.

बकरीचं काय झालं
ते विचारायचं राहिलं.