प्रोफेसर झुल्मिरांच्या घरी फ्यूज बसवताना

कुरितिबात जूनमध्ये धुकं इतकं खाली उतरतं
की अरौकारियाची झाडं नुसती बुंध्यापुरती उरतात.
वर त्यांच्या उलट्या धरलेल्या छत्र्या आहेत
हे आम्ही सवयीने धरून चालतो.

त्या सकाळी मी त्यांच्या लाकडी घराच्या माळ्यावर,
तोंडात टॉर्च, हातात पक्कड,
आणि खाली स्वयंपाकघरात प्रोफेसर झुल्मिरा वोझ्न्याक
कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या.
पिन्यांव शिजत होते. त्याच झाडांच्या बिया,
बोटाच्या पेराहून लांब, सालीला चिवट.

एकेकाळी मी त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचो.
फळ्यावर त्या लिहायच्या: क. आणि खाली: क नाही.
मग हातांवरचा खडू झटकून म्हणायच्या, पोरांनो,
या दोघांना एकाच वेळी घरात घेतलंत
तर त्यांच्या मागोमाग वाट्टेल ते आत शिरतं.
इग्वासूचा धबधबा वर चढू लागतो.
मी ब्राझीलची गोलकीपर होते.
तुम्ही सगळे पास.

मी मनातल्या मनात दोघांनाही दार उघडून द्यायचो.
तरी नापास झालो.
वायरिंग शिकलो.

खाली टेबलाशी त्यांचा भाऊ बसला होता, काझिमिरो.
डोळे गेलेले, हात थरथरते, गळ्याशी टॉवेल खोचलेला.
साऱ्या गल्लीला ठाऊक आहे, कुणी बोलत नाही:
लष्कराच्या राजवटीत, एकाहत्तर साली,
यानेच जाऊन बहिणीचं नाव दिलं.
अकरा महिने.
बाईंच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत.
त्याच हाताने त्या त्याला बिया सोलून भरवत होत्या,
एकेक, फुंकर घालून.

मला राहवलं नाही. टॉर्च तोंडातून काढला.
"प्रोफेसर, माफ केलंत याला?"

शिट्टी झाली. ती त्यांनी मोजली.
"केलं."
साल बशीत टाकली.
"नाही केलं."

मी थांबलो. वाटलं, आता 'एका अर्थी' येईल,
मागून 'दुसऱ्या अर्थी' येईल, वर्गात यायचं तसं.
काही आलं नाही.
म्हातारा तोंड उघडून पुढच्या बीची वाट पाहत होता.

"आणि धबधबा, बाई?"
"खालीच पडतोय. रविवारी टीव्हीवर पाहिला."

मग बऱ्याच वेळाने, चष्मा कपाळावर सरकवून,
"तू वर नक्की काय करतोयस रे?"
मी सांगितलं: तुमचं आख्खं घर एकाच तारेवर होतं.
बाथरूममधला शॉवर जळला की बैठकीत अंधार,
फ्रिज बंद, देवघरातल्या मेरीचा बल्बसुद्धा बंद.
आता प्रत्येक खोलीला आपला फ्यूज.
जळायचं ते जळेल, जिथल्या तिथे,
आणि शेजारच्या खोलीत तुम्ही वाचत बसू शकाल.

त्यांनी हात पुसले. दोन बोटं टॉवेलाबाहेरच राहिली.
"हे तू मला वर्गात का नाही सांगितलंस?"

मी काय सांगणार? मला तेव्हा
फक्त खिडकीतून फुटबॉलचं मैदान दिसायचं.

मेन चालू केला. दिवे लागले. काझिमिरोने मान वळवली,
दिव्याकडे नाही, खटक्याच्या आवाजाकडे.
मी पेटीच्या आत पेन्सिलीने नावं लिहीत गेलो:
स्वयंपाकघर, बैठक, बाथरूम, बाई.
"यांच्या खोलीवर काय लिहू?"
"त्याच्यावर काही लिहू नकोस. मला माहीत आहे."

शिडी उतरून मी हत्यारं पिशवीत भरली,
वर्तमानपत्रात बांधलेले गरम पिन्यांव खिशात घातले,
दारापर्यंत पोचलो, तेव्हा मागून आवाज आला.
"त्याला जाड तार घातलीस ना? रात्री हीटर लागतो.
थंडी सहन होत नाही त्याला."
घातली, म्हटलं.

"आणि त्याचा स्विच," त्या म्हणाल्या,
"माझ्या खोलीत दे."