बर्फाच्या कारखान्याची भिंत

हर्णैच्या बंदरात पांढरी भिंत एकच,
खोपकरशेठच्या बर्फाच्या कारखान्याची.
तीवर कोळशानं सुरमईचा दर,
तीन नंबरचा बावटा,
कुणाची पोर दहावी पास.

एकदा तिथंच कुणी द्वारकीच्या लेकीबद्दल घाण लिहिली.
शेठनं रातोरात चुना फिरवला.
आम्ही म्हटलं, माणूस देवासारखा.

मग मोतीराम पावशेनं लिहिलं :
रात्री दिवे पेटवून समुद्र खरवडणाऱ्या बोटी कुणाच्या?
त्या बोटी बर्फ शेठचाच नेत.
सकाळी भिंत पुन्हा ओली, पांढरी.
‘भिंत माझी आहे,’ शेठ म्हणाला.
खोटं नव्हतं.

आता भिंत ज्याच्या त्याच्या खिशात.
मोतीरामच्या नातवानं त्याच बोटींचा व्हिडिओ टाकला,
दुपारपर्यंत गायब :
‘आमच्या नियमांत बसत नाही.’
या शेठला तोंड नाही.
दारात जाऊन भांडावं, तर दार कुठल्या गावात?

द्वारकी बांगडे कापता कापता म्हणते,
भिंत त्याची, बरं.
पण सगळं बंदर तिच्यावरच वाचायला लागलं,
तेव्हाही नुसती त्याचीच?

आणि विळीवरचा हात थांबवून, हळू :
माझ्या पोरीचं तेवढं पुसलं मात्र,
बरं केलं हो.