गुरूच्या मात्रा

गेनूतात्या सपकाळ सिग्नलमधून हवालदार होऊन परतले
तेव्हा बामणोलीत त्यांची ती भाषा बोलायला
कुणीच नव्हतं.
म्हणून मी.

पितळीवर चमचा वाजवत म्हणाले, हा डॉट. ही डॅश.
डॅश म्हणजे तीन डॉट, रतीभरही कमी नाही.
मला काही लागेना. ए आणि एन
रोज एकमेकांचे कपडे घालून यायचे.

मग एकदा शाळेत
कुंभार मास्तर फळ्यावर गण पाडत होते,
य मा ता रा ज भा न स ल गा,
आणि डोक्याआधी बोटाला कळलं:
नसल म्हणजे एस, मातारा म्हणजे ओ,
आठ गण, तीन-तीन खुणांची आठच अक्षरं.
बाकावरच हसले. छडी खाल्ली.
तात्या म्हणाले, "फौजेत असलं काय न्हवतं,"
आणि चहा गार होईस्तोवर पुटपुटत राहिले,
जभान, आर. जभान, आर.

फक्त माझी डॅश आखूड पडायची.
मास्तरांचा गुरू दोन मात्रांचा,
तात्यांचा तीन.
ती वरची एक कुठून आणायची
ह्यात अख्खा भादवा गेला.
"घाई करतीस पोरी. उजेड पाण्यावरनं चालतो, पोचू दे त्याला."

पलीकडच्या काठावर शेलारांची विमल.
धरणाआधी दोन घरांत नुसता बांध होता म्हणे,
आता अर्धा मैल पाणी.
लाँचवाल्याच्या खिशातून तिला सगळी अक्षरं धाडली.
वाटेत भिजून क्यू पुसला गेला,
आमचं काही अडलं नाही.

घटाच्या तिसऱ्या रात्री
तीन सेलची बॅटरी मांडीवर घेऊन बसले.
समोर काळोखात एक ठिपका उघडला.
ताराज. थांबला.
सलगा. थांबला.
जभान. पुन्हा सलगा.
जी, यू, आर, यू.

तात्या, पहिलाच शब्द तिनं तुमच्या नावानं धाडला!
तात्या ओट्यावर उभे राहिले,
टोपी सारखी केली.
पलीकडे तीच चार अक्षरं परत, परत,
आता घाईत, आखूड डॅशांनी.
एवढ्यात गोठ्यातून आई ओरडली,
कपिली कुठाय? दावं तुटलंय!

गुरूं.
आमचं गुरूं पोहत गेलं होतं तिकडे.
वर एक अनुस्वार होता त्या शब्दाला,
आणि इतक्या ठिपक्यांत
नेमका तेवढाच ठिपका दाखवता येत नव्हता.

तात्या खाली बसले. पाण्याकडे बघत म्हणाले,
"मजकूर बरोबर आला. चुकलो ते आपण, वाचणारे.
आता आर दे. आर म्हंजे मिळालं."

जभान.
मधला गुरू मी दाबून धरला,
एक मात्रा, दोन,
आणि मग
तिसरी.