पेन्सिलीने

मनामात, चर्चमागच्या खोलीत
सिस्टर बिब्याना नव्या मुलांना ‘आ’ करायला लावायची.
दुधाचे किती पडले, दाढ आली का,
मोजायची
आणि हजेरीपटात वय लिहायची, पेन्सिलीने.

बसऱ्याहून आलेल्या हनीनच्या आईनं
दाखला म्हणून घराची किल्लीच पुढे केली.
सिस्टरनं तिचेही दात मोजले,
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: पाच.

“कागद येतील गो कधीतरी, मग खोडू,”
नंदाखालच्या हेलात म्हणायची,
आणि एसीखालच्या बादलीत टपटपणाऱ्या थेंबांवर
बेचा पाढा पुढे सरकायचा.

यंदा ती गेली. कपाट मी आवरलं.
एकवीस हजेरीपट.
कुठेच खाडाखोड नाही.
खणात खोडरबर होतं,
चारी कोपरे शाबूत,
इतक्या उन्हाळ्यांत दगड झालेलं.