दोन बोटं बाहेर

बाबांचा डावा हात पुरता मिटलेला
मी कधी पाहिला नाही.
फावड्याचा दांडा असो, चर्चमधला बाक,
वासराच्या बादलीची कडी,
अनामिका आणि करंगळी धरून ठेवतात.
तर्जनी आणि मध्यमा पुढे, हवेत,
नसलेल्या क्लचवर.

टू-स्ट्रोकवर वाढलेला माणूस.
त्या इंजिनांचा भरवसा नसे.
हवा जराशी कोरडी, जेट जरासा बारीक,
की ताशी सव्वाशे मैलांवर, भर सरळ रस्त्यात
पिस्टन सिलिंडरला चिकटायचा
आणि मागचं चाक जागीच थिजायचं.
त्याआधी आवाज किंचित दाटतो म्हणे,
बोलता बोलता माणसाचा गळा दाटावा तसा.
तेवढ्यात क्लच ओढला तर चाक फिरत राहतं.
विचार करत बसलात तर गेलातच.
म्हणून बोटं आधीपासून तिथं.

मॅलकी डेव्हलिनची नव्हती.
चारही बोटं मुठीत, घट्ट,
डेअरीच्या वळणाआधी, सत्त्याऐंशी साली.
त्याची पेटी खांद्यावर घेतली तेव्हाही
बाबांची दोन बोटं लाकडापासून सुटी होती,
असं आई सांगते.
आई हेही सांगते, की मी अंगठी घातली
ती सोडायच्या तयारीतल्या हातात.
सांगताना हसते. दर वेळी नाही.

मी या घरातली मेकॅनिक.
मला माणसं लिव्हरवरून ओळखू येतात.
कीलनच्या ब्रेकचा रंग फक्त टोकाशी उडालेला:
एक बोट, तेही नखापर्यंतच.
म्हातारा ह्युबर्ट चारी बोटांनी ब्रेक दाबतो,
हापशावर पाणी भरावं तसा,
आणि तरी वळणात सगळ्यांच्या आधी शिरतो, का ते देव जाणे.
मारेट दरवर्षी एस्टोनियाहून व्हॅन हाकत येते,
लिव्हरवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवते
पावसात बोट घसरू नये म्हणून.

ओशीनला, माझ्या भावाला, क्लच लागतो एकदाच,
झेंडा पडतो तेव्हा.
पुढे गिअर नुसत्या पायानं पडतात.
त्यानं लिव्हर खाली झुकवून टाकलाय,
खुंटीवरच्या जुन्या कोटासारखा,
घालायचा नाही, टाकवतही नाही.

शर्यतीच्या आदल्या रात्री शेडमध्ये उजेड दिसला.
बाबा पाना घेऊन वाकलेले.
क्लॅम्प सैल केला, लिव्हर वर उचलला,
केबलची ढील नाण्यानं मोजली:
चलनातून कधीच गेलेलं, सामन मासा कोरलेलं
दहा पेन्सचं नाणं.
मग कुठल्याशा गंजक्या डब्याच्या तळातून
एरंडेलाचे तीन थेंब केबलीत सोडले.
मी दारात होते. बोलले नाही.

सकाळी लिव्हर परत खाली करायला गेले.
हाताला तो वास लागला,
लहानपणीच्या सगळ्या रविवारांचा,
आणि मी पाना ठेवून दिला.
"क्लचला हात कुणी लावला?" ओशीननं विचारलं.
मी म्हटलं, मी.

दुपारी रस्ता बंद झाला.
गाई गोठ्यात, पोस्टाच्या खांबाला गवताचे भारे बांधलेले.
बाबा डेअरीच्या वळणावर, कुंपणामागे,
थर्मासच्या झाकणात चहा घेऊन उभे.
गाड्या दिसण्याआधी ऐकू येतात तिथं.
एक गेली, दुसरी, मग तिघे एकदम,
मग मैलभर लांबून ओशीनची.
बाबांनी मान वळवली नाही.
फक्त आवाज झाडांआड गेला, जरासा दाटला
(झाडांमुळेच, दर फेरीला दाटतो)
आणि दोन बोटं झपकन मिटली.

तो गेला. लाल, वाकलेला, हेल्मेट टाकीला टेकलेलं.
डाव्या हाताची बोटं कुठे होती,
ते पाहायला मला वेळच मिळाला नाही.

बाबांनी मात्र बोटं हळूहळू सोडली,
गिअर टाकल्यावर सोडतात तशी, झटका न देता.
बाहीवर चहा सांडला होता.
पुढच्या फेरीला पाच मिनिटं होती.
मी झाकण पुन्हा भरून दिलं,
अर्धंच.