खर्ज

मुदतठेव पिकली त्याच आठवड्यात
आम्ही बाणेरला गेलो.
काचेचं दार, चपला बाहेर,
भिंतींना राखाडी गाद्या ठोकलेल्या,
आणि श्रेयस नावाचा मुलगा
विद्याधरला वॅट समजावून सांगतोय.
विद्याधर मान हलवतोय.
त्याला सनई आणि रिक्षाचा हॉर्न यांतला फरक कळतो,
तेवढ्यावर त्याचं भागतं.

मी विचारलं, डॅम्पिंग फॅक्टर किती?
तेव्हा कुठे पोरगं माझ्याकडे वळलं.

घरी बावीस वर्षं एकच होता.
तपकीर गल्लीत मुजावरांनी
तीन मेलेल्यांतून एक जिवंत केलेला.
डावी बाजू मधूनच जायची,
टपली मारली की यायची.
थंडीत त्याच्या पाठीवर मी विरजण लावायचे,
रात्री यमन, सकाळी दही.
आणि सगळ्याच्या मागे एक बारीक घुमणं:
पन्नास हर्ट्झ,
महावितरणचा षड्ज.
मुजावर म्हणायचे, काढू शकतो ताई,
पण मग घर रिकामं वाटेल तुम्हाला.

श्रेयसने पहिला लावला,
आवाज इस्त्री करून घडी घातलेला.
दुसरा गोड. फारच गोड,
पाहुण्यांदेखत बोलणाऱ्या जाऊबाईंसारखा.
तिसऱ्याचं मला काहीच आठवत नाही.
चौथा कोपऱ्यात होता, चंदेरी, दोन बटणांचा,
बास नाही, ट्रेबल नाही, रिमोटसुद्धा नाही.
हा तापतो खूप, मॅडम, तो म्हणाला,
आणि रेकॉर्डिंग वाईट असेल तर वाईटच ऐकवतो.
त्याची किंमत मला सहा वर्षं पाठ होती.

मी पर्समधून माझी सीडी काढली.
एकोणनव्वदचा ऑक्टोबर,
सदाशिव पेठेतल्या शाळेचा हॉल,
सतरंजीवर साठेक माणसं.
कुमुद गात होती.
मागे उजवीकडे तानपुऱ्यावर मी,
बावीस वर्षांची, कडक साडीतली,
आजवर एकाही स्पीकरमधून ऐकू न आलेली.

आधी पंखा आला.
मग कुणीतरी स्टीलचा पेला खाली ठेवला.
मग मी आले.
पंचम, जोडी, खर्ज,
बोटाच्या नखासकट.

आणि अंतऱ्याच्या तोंडाशी,
जिथे गायिकेचा स्वर डळमळला
असं पेपरात चार ओळींत छापून आलं होतं,
जिथे पुढे कुमुदचं गाणंच थांबलं
आणि ती सांगलीला शाळेत शिकवायला लागली,
तिथे माझा खर्ज उतरलेला.
केसभर.
ती त्याच्यापाशी खाली येते,
क्षणभर थांबते,
मग आपल्या जागी परत जाते, एकटीच.
डळमळली नव्हती ती.
मला न्यायला आली होती.

थोडा ब्राइट वाटतोय का? श्रेयसने विचारलं.
विद्याधर म्हणाला, छान स्वच्छ ऐकू येतंय की.
मी म्हटलं, तेच तर.

खाली पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मध्ये उभी राहून
मी सांगलीला फोन लावला.
पस्तीस वर्षांचं वाक्य
एका दमात सांगून टाकलं.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.
माहीत होतं की गं, कुमुद म्हणाली,
तेव्हाच कळलं होतं.
मग बोलली का नाहीस?
गाता गाता कशी बोलणार?
आणि नंतर?
नंतर तू मला घरापर्यंत सोडायला आलीस,
दोन्ही तानपुरे तूच उचललेस.
मग जरा थांबून,
कितीचा घेतेयस, ते सांग.

मी आकडा सांगितला.
ती इतकी हसली
की मलाही हसू आलं, भर दुपारी,
वॉचमन बघत असताना.

वर गेले. खोका बांधायला सांगितलं.
श्रेयस वॉरंटीचं सांगत होता,
हवा खेळती ठेवा, वर काही ठेवू नका.
मी म्हटलं, काहीच नाही?
एवढीशी वाटी?