कान कुठं धरायचा

सुग्रताबाई नेवारेच्या कोठ्यात
सहा बकऱ्या आडव्या. सातवी उभी आहे,
भिंत आहे म्हणून उभी.
नाकपुड्यांत शेंबूड वाळून पापुद्रा झालाय,
हिरड्यांवर कोंडा सांडल्यासारखे व्रण.
मी श्रेणी-दोनच्या दवाखान्यातला ड्रेसर,
रोगाचं नाव मला ठाऊक आहे,
पण नाव सांगितल्यानं कोणी चारा खात नाही.
"काऊन जी, लस तं टोचली होती ना?"
टोचली होती, म्हणालो.

रात्री मोनालीचा फोन.
पोरगी रत्नागिरीकडं, मेलेले डॉल्फिन
उघडून पाहायच्या नोकरीत.
(तिच्या आईनं हे गावात अजून सांगितलेलं नाही.)
आज वाळूवर एक मादी आली, म्हणाली,
फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकला
तर दगडासारखा तळाला गेला.
मी गप्प. दुपारी सुग्रताबाईच्या बादलीत
डॉक्टरसाहेबांनी तेच करून दाखवलं होतं.

विषाणू?
अजून तपासायचाय, बाबा, पण वाटतं
बकऱ्यांच्या रोगाच्या भावकीतला.
भावकी म्हणाली!
धुऱ्यावरची आमची भांडणं ऐकत वाढलेली पोर,
शब्द नेमका उचलला तिनं.
एकाच पणज्याची पिलावळ, एकमेकांचं तोंड न पाहिलेली,
एक कोठ्यात, एक कुत्र्यात, एक खाऱ्या पाण्यात.
थोरली पाती बुळकांडीची,
ती तेवढी निर्वंश झाली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पोरं
पळसाच्या फांद्या घेऊन बोंबलायचो,
रोगराई घेऊन जा गे मारबत!
शिवेपाशी नदी. तिच्यात टाकायचं
आणि मागं न बघता घरी.
आपण धाडलेलं तर नाही ना आलं तुझ्याकडं?
ती हसली. वैनगंगा इकडं येत नाही, बाबा,
ती दुसऱ्या समुद्राला जाते.
त्या दुसऱ्यात कोणी राहत नाही का,
हे मी विचारलं नाही.

विचारलं ते कामाचं:
जित्या डॉल्फिनला टोचायचं झालं
तर कान कुठं धरायचा?
कान नसतो. डोळ्यामागं नुसतं भोक,
सुईच्या नाकाएवढं.
म्हणजे बिल्लाही नाही, बारा आकड्यांचा.
कळप केवढा, कोणाच्या वहीत नाही,
मेला की एकेक कळतो.
श्वासाला सगळे वर येतात, ती सांगत होती,
अंगाला अंग लावून,
एकानं सोडलेला दुसरा आत घेतो.
कोठ्यासारखंच, मी म्हणालो.
कोठ्यासारखंच. फक्त आजारी जनावर
वेगळं बांधायला खुंटा नाही.

मग बराच वेळ फोनमधून
समुद्र येत राहिला.

पहाटे गेलो. सातवी अजून उभी,
तिच्या गळ्याखाली हात देऊन सुग्रताबाई बसलेली,
रात्रभर तशीच असावी.
मी लसीचा डबा उघडून समोर ठेवला.
त्या दिवशी यात बर्फ नव्हता, बाई,
तुमच्या गावात येईस्तोवर पाणी झालं होतं.
तरी टोचली.

तिनं डब्यात पाहिलं नाही.
माझ्याकडंही नाही.
"धरा जी," म्हणाली,
आणि बकरीचा कान माझ्या हातात दिला.
पातळ होता. तापलेला.